क्वार्टमधली ऑर्डर, घनमीटरमधला कंटेनर : हिशोब जुळत नसेल तर काय तपासावे

अमेरिकेतला खरेदीदार ऑर्डर क्वार्टमध्ये, म्हणजे साधारण लिटरभराच्या तिथल्या मापात देतो आणि न्हावा शेवाहून जाणाऱ्या मालाचा हिशोब होतो सीबीएमवर, म्हणजे घनमीटरवर. या दोन टोकांमध्ये बिघडलेल्या पॅकिंग लिस्ट दुरुस्त करणे हे माझे नेहमीचे काम. कधी सरबताचा अर्क, कधी मध, कधी खाद्यतेल, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), स्टीलची पातेली. माल बदलतो, बिघाड बहुधा तोच निघतो.

लक्षणे

- तुमचा सीबीएम आणि खरेदीदाराचा सीबीएम यांत पाच, सोळा किंवा वीस टक्क्यांच्या आसपास फरक येतो, आणि ऑर्डर लहान असो वा मोठी, टक्केवारी तीच राहते.
- आकडा थेट हजारपट मोठा किंवा लहान दिसतो.
- एक्सेलच्या रकान्यात ०.०० दिसते, पण खालची बेरीज मात्र शून्य नसते.
- कागदावर माल वीस फुटी कंटेनरमध्ये सहज बसतो. भरायला गेल्यावर शंभर-दोनशे खोकी बाहेर उरतात.
- घनमीटर जुळतात, पण वजन जुळत नाही.

या सगळ्यांत निव्वळ गुणाकार चुकल्याचे मला फार क्वचित आढळते. चूक दोन प्रश्नांत दडलेली असते: क्वार्ट कोणता, आणि आकारमान नेमके कशाचे. पुढच्या तपासण्या सोप्या आणि फुकटच्या आधी, वेळखाऊ आणि खर्चाच्या नंतर, अशा लावल्या आहेत. मधेच उत्तर सापडले तर पुढे जायची गरज नाही.

१. दोन आकड्यांचा भागाकार करा

शीट उघडण्याआधी हे करा. तुमचा आकडा आणि समोरच्याचा आकडा घ्या, मोठ्याला लहानाने भागा. जे गुणोत्तर येईल ते चुकीचे नावच सांगते.

- १.०५७ : एका बाजूने क्वार्ट म्हणजे लिटर असे धरले आहे.
- १.१६४ : एकाने अमेरिकी द्रव क्वार्ट घेतला, दुसऱ्याने अमेरिकी कोरडा क्वार्ट.
- १.२०१ : एकाने अमेरिकी द्रव क्वार्ट घेतला, दुसऱ्याने ब्रिटिश इंपीरियल क्वार्ट.
- १.०३२ : कोरडा आणि इंपीरियल यांची अदलाबदल.
- ४ किंवा २ : गॅलन (चार क्वार्ट) किंवा पिंट (अर्धा क्वार्ट) कुठेतरी क्वार्टच्या जागी बसले आहे.
- ३५.३ : घनफूट आणि घनमीटर यांची गल्लत.
- १,००० : लिटर आणि घनमीटर यांची गल्लत, किंवा स्वल्पविरामाचा घोटाळा.
- १०,००० : खोक्याची मापे सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला शंभराने भागले आहे. एका घनमीटरमध्ये १०,००,००० घन सेंटिमीटर असतात. शंभर सेंटिमीटरचा मीटर होतो म्हणून घनालाही शंभरच लावले जाते.

एककाची चूक असेल तर गुणोत्तर प्रत्येक ऑर्डरला तेच येते. दोन-तीन जुन्या ऑर्डरी काढून भागाकार करून बघा. प्रत्येक वेळी वेगळे गुणोत्तर येत असेल तर एककांच्या मागे लागू नका, सरळ पाचव्या आणि सहाव्या तपासणीकडे जा. तिथे दोष मोजमापाचा किंवा पॅकिंगचा असतो.

२. क्वार्ट कोणता ते मिलिलिटरमध्ये विचारा

निम्म्याहून जास्त बिघाड इथेच मिटतात, म्हणून इथे घाई नको.

क्वार्ट म्हणजे गॅलनचा चौथा भाग, पण गॅलन एकच नाही. अमेरिकेचा द्रव गॅलन २३१ घन इंचांचा आहे. इंग्लंडमध्ये राणी ॲनच्या काळात ठरलेला हा दारूचा गॅलन अमेरिकेने तसाच ठेवला. ब्रिटनने मात्र १८२४ च्या कायद्याने जुने गॅलन मोडीत काढले आणि दहा पौंड पाण्याएवढा नवा इंपीरियल गॅलन आणला. धान्य, फळे अशा कोरड्या मालासाठी अमेरिकेत आणखी एक माप चालू राहिले. ते जुन्या विंचेस्टर बुशेलवरून आले आहे, आणि एका बुशेलमध्ये ३२ कोरडे क्वार्ट असतात. म्हणून आज तीन क्वार्ट आहेत:

- अमेरिकी द्रव क्वार्ट : ०.९४६३५३ लिटर. एका घनमीटरमध्ये १,०५६.६९.
- अमेरिकी कोरडा क्वार्ट : १.१०१२२१ लिटर. एका घनमीटरमध्ये ९०८.०८.
- इंपीरियल क्वार्ट : १.१३६५२३ लिटर. एका घनमीटरमध्ये ८७९.८८.

बारा हजार क्वार्टची ऑर्डर असेल तर पहिल्याने ११.३६ घनमीटर येतात, दुसऱ्याने १३.२१ आणि तिसऱ्याने १३.६४. इंटरनेटवरचे बहुतेक रूपांतर करणारे तक्ते नुसते ‘क्वार्ट’ लिहिले की पहिलाच क्वार्ट धरतात आणि तसे ठळकपणे सांगतही नाहीत. म्हणून दोघेही जण आपापल्या परीने बरोबर असतात आणि तरी भांडत बसतात.

खरेदीदाराला ‘लिक्विड की ड्राय?’ असे विचारू नका. पलीकडचा माणूस मालाकडे बघून उत्तर देतो: माल कोरडा आहे, मग ड्राय. पण त्याच्या मनातला डबा द्रव क्वार्टचा असू शकतो, कारण अमेरिकी स्वयंपाकघरातली भांडी आणि डबे द्रव क्वार्टवरच मोजतात. त्यात तांदूळ भरा नाहीतर पाणी. त्यापेक्षा एवढेच विचारा: ‘तुमच्या एका क्वार्टचे मिलिलिटर किती?’ उत्तर ९४६, १,१०१ किंवा १,१३७ यांपैकी एक येईल आणि विषय तिथेच संपेल.

विचारायचीही सोय नसेल तर लेबल वाचा. अमेरिकेत किरकोळ विक्रीच्या बहुतेक पाकिटांवर तिथले एकक आणि मेट्रिक एकक शेजारी शेजारी छापलेले असते. इंजिन ऑइलच्या एक क्वार्टच्या बाटलीवर ९४६ मिलिलिटर लिहिलेले असते. कुंड्यांसाठीच्या मातीच्या आठ क्वार्टच्या पिशवीवर मात्र ८.८ लिटर असते. आठाला ८.८ म्हणजे कोरडा क्वार्ट, कारण द्रव असता तर ७.६ असते. कोकणातून कोकोपीट पाठवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बागकामाच्या मालात आणि बेरीसारख्या फळांत कोरडा क्वार्ट आजही जिवंत आहे. बाकी बहुतेक ठिकाणी द्रवच निघतो.

इंपीरियल क्वार्ट आता रोजच्या व्यापारात क्वचित दिसतो. ब्रिटन किंवा कॅनडातला जुना ग्राहक असेल किंवा जुन्या यंत्राच्या माहितीपुस्तकातला आकडा कुणी उचलला असेल, तेव्हा त्याची शंका घ्यावी.

३. दशांश, स्वल्पविराम आणि एक्सेल

क्वार्ट ठरला की शीट उघडा. एका द्रव क्वार्टचे घनमीटर ०.०००९४६३५३ होतात. एवढ्या लहान आकड्याला एक्सेलमधले दोन दशांशांचे फॉरमॅट लावले की ०.०० दिसते. आकडा आत शाबूत असतो, नुसता दिसत नाही. खरा धोका पुढे असतो: ते शून्य बघून कुणीतरी हाताने ०.००१ टाइप करते. तेवढ्याने ५.७ टक्के वाढ होते आणि पहिल्या तपासणीतले १.०५७ हे गुणोत्तर जन्माला येते. ०.०००९ टाइप केले तर पाच टक्के घट. ०.०००९५ ने फरक अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. कोटेशनला ते चालेल, इनव्हॉइसला नको.

माझी पद्धत अशी. एका क्वार्टला गुणायचेच नाही, सगळ्या क्वार्टना शेवटी एकदाच भागायचे: एकूण क्वार्ट भागिले १,०५६.६९. पुढची शून्ये गेली की चूक डोळ्यांना दिसते. दुसरा मार्ग म्हणजे आधी लिटर काढून मग हजाराने भागणे. यात मधला लिटरचा आकडा आपल्या ओळखीचा असतो आणि तो वेडावाकडा आला तर लगेच कळते.

एक्सेलचे कन्व्हर्ट हे फंक्शन वापरत असाल तर त्यातला साधा क्वार्ट अमेरिकी द्रव आहे. इंपीरियलसाठी त्याच्या आधी यूके जोडलेला वेगळा कोड लागतो. कोरड्या क्वार्टचा कोडच नाही. त्यासाठी बुशेलचा आकडा काढून ३२ ने भागा. कोडमधली लहान-मोठी अक्षरेही जशीच्या तशी लागतात.

स्वल्पविरामाचा घोटाळा युरोपमार्गे येतो. एका लिटरमध्ये १.०५७ क्वार्ट असतात. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्समध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणून तिथला माणूस तेच १,०५७ असे लिहितो. एका घनमीटरमध्ये एक हजार सत्तावन्न क्वार्ट असतात, आणि आपण व अमेरिकन ते १,०५७ असेच लिहितो. दोन्ही वाक्ये खरी, लिखाण हुबेहूब सारखे, पण अर्थामध्ये हजारपट फरक. युरोपातल्या एजंटमार्फत ऑर्डर आली असेल तर प्रत्येक आकड्यापुढे लिटर की घनमीटर हे शब्दांत लिहून घ्या.

४. औंस वजनाचा की मापाचा

एका द्रव क्वार्टमध्ये ३२ फ्लुइड औंस असतात. पण अमेरिकेत ३२ औंस वजनाचा दह्याचा डबाही बोलताना क्वार्टच म्हटला जातो. ३२ औंस वजन म्हणजे दोन पौंड, ९०७ ग्रॅम. ते वजन आहे, आकारमान नाही.

मधात हा गोंधळ नेहमी होतो. मध पाण्यापेक्षा बराच जड, लिटरला साधारण १.४२ किलो. त्यामुळे एक क्वार्ट मध सव्वा किलोच्या वर, जवळजवळ १.३४ किलो भरतो. ‘३२ औंसांची बाटली’ एवढ्यावर ऑर्डर घेतली तर ती ९०७ ग्रॅमची की १.३४ किलोची हे ठरतच नाही. तेलात उलटे होते. तेल लिटरला सुमारे ०.९२ किलो, म्हणजे क्वार्टला ८७० ग्रॅमच्या आसपास. घनमीटर जुळतात पण वजन जुळत नाही, हे शेवटचे लक्षण बहुतेक वेळा इथूनच येते: कुणीतरी प्रत्येक लिटरला एक किलो धरून मोकळे झालेले असते. लेबलवर ‘फ्लुइड’ हा शब्द आहे का ते बघा. नसेल तर वजन समजा आणि विचारून खात्री करा.

५. आकारमान कशाचे : मालाचे, भांड्याचे की खोक्याचे

एकक बरोबर, गणित बरोबर, तरी कंटेनर चुकला, तर कारण इथे सापडेल. ऑर्डरमधला क्वार्ट आतल्या मालाचा किंवा भांड्याच्या क्षमतेचा असतो. भाड्याचा घनमीटर बाहेरच्या खोक्याचा असतो. या दोहोंना जोडणारा ठरावीक आकडा कुठल्याच तक्त्यात मिळणार नाही.

एक क्वार्टच्या बारा गोल बाटल्या, मधे पुठ्ठ्याचे कप्पे, बाहेरून खोके ४० गुणिले ३० गुणिले २५ सेंटिमीटर, असे धरू. खोके ०.०३ घनमीटरचे. आतला द्रव फक्त ०.०११४ घनमीटर. बारा हजार क्वार्टसाठी हजार खोकी लागतात, म्हणजे ३० घनमीटर, तर द्रव फक्त ११.३६. वीस फुटी कंटेनर आतून सुमारे ३३ घनमीटरचा असतो, पण खोक्यांच्या रांगा आणि उरणाऱ्या फटी धरता प्रत्यक्षात २५ ते २८ घनमीटर माल बसला तरी बरे म्हणायचे. म्हणजे ११.३६ वर विसंबून जो कंटेनर निम्म्याहून अधिक रिकामा वाटत होता, त्यात हा माल पुरा बसणारच नाही.

पातेल्यांत गणित उलट्या बाजूला झुकते. आठ क्वार्टचे पातेले ७.५७ लिटरचे. पण पातेली एकात एक बसवून पाठवली तर खोक्याचे आकारमान सगळ्यांच्या क्षमतेच्या बेरजेपेक्षा पुष्कळ कमी येते, आणि झाकणे किंवा कान आडवे आले तर पुन्हा वाढते. इथे क्वार्टवरून सीबीएम काढण्याचा प्रयत्नच करू नये.

कोकोपीटला तिसराच नियम. पाच किलोची दाबलेली वीट पाण्यात फुगून साधारण सत्तर लिटर होते. खरेदीदार फुगलेल्या मालाचे क्वार्ट सांगतो, कारण तो पिशव्या त्यावर भरणार आहे. कंटेनरमध्ये जाते ती दाबलेली वीट, बारा लिटरच्याही आतली. तेव्हा हिशोब दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा: एकात फुगल्यानंतरचे कोरडे क्वार्ट, दुसऱ्यात विटेचे बाहेरचे घनमीटर. एकावरून दुसरा कधीही काढू नका.

६. टेप आणि काटा घ्या

आता थोडी मेहनत. रिकामी बाटली काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, विक्रीच्या खुणेपर्यंत पाणी भरा आणि वजन बघा. आपल्याकडच्या उन्हाळी तापमानाला पाण्याची घनता थोडी कमी असते, म्हणून द्रव क्वार्टला ९४० ग्रॅमच्या आसपास वजन येईल. ११०० च्या आसपास आले तर बाटली पुरवणाऱ्याने दुसराच क्वार्ट धरला आहे. घरगुती डिजिटल काटाही यासाठी पुरतो, कारण शोधायचा फरक दीडशे ग्रॅमचा आहे.

खोके मोजताना रिकामे, घडी उघडलेले खोके मोजू नका. माल भरून, टेप लावून, त्यावर आणखी चार खोकी रचून रात्रभर ठेवा आणि सकाळी तळातले मोजा. पुठ्ठा फुगतो. वरच्या उदाहरणातले खोके प्रत्येक बाजूने फक्त एक सेंटिमीटर वाढले, ४१ गुणिले ३१ गुणिले २६ झाले, तर आकारमान दहा टक्क्यांनी वाढते. हजार खोक्यांचे ३० घनमीटर ३३ होतात. गोदामात फॉरवर्डरचा, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या कंपनीचा माणूस फुगलेलेच खोके मोजतो, आणि एलसीएलमध्ये म्हणजे इतरांच्या मालासोबत जाणाऱ्या पाठवणीत भाडे त्याच्या मापावर लागते. तिथे साधारण नियम असा की एक घनमीटर आणि एक टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारणी. म्हणून वजनाचा रकानाही याच वेळी खऱ्या काट्यावरून भरून टाका. हवाई मालाला वेगळे प्रमाण लागते: सहा हजार घन सेंटिमीटरला एक किलो, म्हणजे घनमीटरला सुमारे १६७ किलो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

काही गोष्टी शीटवर सुटत नाहीत आणि स्वतः सोडवायला जाऊही नये.

शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचा निर्यातीचा अर्ज, दाखल झाले असेल आणि नंतर क्वार्टची चूक सापडली असेल तर नुसती इनव्हॉइस बदलून पाठवू नका. कागदपत्रांतली दुरुस्ती कस्टम्स कायदा, १९६२ च्या कलम १४९ खाली रीतसर मागावी लागते. ते काम सीएचएचे, म्हणजे कस्टम ब्रोकरचे. माल बंदरात असताना दोन कागदांवर दोन प्रमाणे दिसली तर संशय मालावर येतो, गणितावर नाही.

माल बाटल्यांत नसून फ्लेक्सिटँक (कंटेनरच्या आत बसवलेली मोठी लवचिक पिशवी) किंवा टँक कंटेनरमध्ये सुटा जात असेल, तर क्वार्टचे रूपांतर हा प्रश्नाचा लहानसा भाग उरतो. तेल तापले की फुगते; गोदामातल्या ३५ अंशांना मोजलेले लिटर आणि करारातल्या संदर्भ तापमानाचे लिटर वेगळे असतात. टाकीतली पातळी डिप रॉडने मोजून तक्त्यावरून आकारमान काढायचे असते, आणि तो तक्ता त्या विशिष्ट टाकीचाच लागतो. इथे स्वतंत्र सर्वेअर, म्हणजे मालाची मोजणी करून अहवाल देणारा त्रयस्थ माणूस बोलवा आणि त्याचा अहवाल दोन्ही बाजूंना मान्य असेल असे करारात आधीच लिहून घ्या. स्वतःची साठवण टाकी असेल आणि तिच्या मापाचीच शंका असेल, तर वैध मापन खात्याकडून तिची पडताळणी करून घ्यायला हवी.

भरलेल्या कंटेनरचे वजन, ज्याला व्हीजीएम म्हणतात, ते १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढवण्याआधी जाहीर करणे बंधनकारक आहे. क्वार्टवरून घनता लावून काढलेला अंदाज तिथे चालत नाही. प्रमाणित काट्यावर केलेले वजनच लागते. जहाजावर कंटेनर कुठल्या थरात ठेवायचा हे त्या वजनावर ठरते, आणि खोटे वजन खाली काम करणाऱ्या माणसांच्या जिवावर येऊ शकते.

रसायने, द्रावके, अल्कोहोल असलेले अर्क अशा धोकादायक वर्गातल्या मालाचा आकडा जुळत नसेल तर पहिल्या तपासणीनंतरच थांबा. प्रत्येक डब्यात किती माल चालतो याच्या मर्यादा तिथे नियमांनी ठरलेल्या आहेत. धोकादायक मालाचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाशिवाय त्यात हात घालू नये.

यांपैकी कुणालाही फोन करण्याआधी चार गोष्टी हाताशी ठेवा: खरेदीदाराने क्वार्टचे मिलिलिटर लिहून पाठवलेला संदेश, पाणी भरून केलेल्या वजनाचा आकडा, भरलेल्या खोक्याची टेप लावून काढलेली छायाचित्रे, आणि पहिल्या तपासणीतले गुणोत्तर.